‘बहुपक्षीय संसद’ चालेल का?

रेवती: लात्व्हियाच्या इतिहासावरचा लेख मराठीत आणतेय. १९२२ ते १९३४ची त्यांची संसद, ‘साएइमा’. जागा १००, किमान मतांची अट नाही, त्यामुळे एक-दोन जागांचे पक्षही आत. मी ‘बहुपक्षीय संसद’ लिहिलं. लेख तपासणाऱ्या बाईंनी खाली लाल रेघ मारली: ‘बहुपक्षीय करार असतो, संसद नव्हे.’ मग काय लिहू?

नानाकाका: बाईंचं पटत नाही. पक्ष म्हणजे मुळात पंख, बाजू. शुक्ल पक्ष, वधूपक्ष, राजकीय पक्ष, सगळे त्यातूनच आले. आमची आजी पंगतीत विचारायची, ‘दोन्ही पक्षांची पानं वाढली का?’ खुशाल ठेव.

सुमेध: काका, मूळ अर्थ काही असो, आज ‘बहुपक्षीय’ वाचलं की चर्चेला बसलेले देश डोळ्यांपुढे येतात. राज्यशास्त्रात ‘बहुपक्ष पद्धती’ रुळलंय. ‘बहुपक्ष संसद’ लिहा.

मृण्मयी: सरळ ‘त्रिशंकू’ म्हणा की.

सुमेध: नाही हो. त्रिशंकू म्हणजे निकाल अपेक्षेबाहेर लागला. तिथे सगळ्यांत मोठ्या सोशल डेमोक्रॅटांना कधी ३५ जागाही मिळाल्या नाहीत. चारही निवडणुकांत तेच. जे नेहमीचंच, त्याला त्रिशंकू कसं म्हणणार?

रेवती: आणखी एक अडलंय. जर्मन, ज्यू, रशियन, पोलिश अल्पसंख्याकांचेही प्रतिनिधी होते. पाउल शीमान यांना ‘जर्मन गटाचे नेते’ म्हटलं, तर ते कुठून तरी फुटून निघाले असं वाटतं. आपल्याकडे ‘गट’ शब्दाला हल्ली तोच वास येतो.

नानाकाका: चांगल्या शब्दाचं वाटोळं बातम्यांनी केलं म्हणून आपण तो टाकायचा? आणि ‘साएइमा’ तरी कशाला ठेवतेस? ‘सा’ म्हणजे आपला सम्, ‘एइमा’मागे जाण्याचा धातू, संस्कृतातला ‘इ’. सम् + इ, समिती! युरिस अलुनान्स यांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेला शब्द. आपल्याकडे सावरकरांनी ‘महापौर’ दिला, तसा.

सुमेध: नातं खरं आहे, पण आज समिती म्हणजे अहवाल देणारी पाच माणसं. वाचक फसेल. साएइमाच ठेवा.

नानाकाका: वाचकाला एवढं कच्चं समजू नये. ‘सभा आणि समिती’ ही वेदांतली जोडी आहे.

मृण्मयी: शेवट कसा केलात? १५ मे १९३४च्या रात्री पंतप्रधान उल्मानिस यांनीच सत्ता बळकावली ना?

रेवती: ‘संसद विसर्जित केली’ असं लिहिलंय.

मृण्मयी: विसर्जन कायद्याने होतं, पुढे निवडणूक येते. इथे थेट १९९३ उजाडलं. ‘बरखास्त’ लिहा.

सुमेध: बरखास्तीलाही अधिकार लागतो. ‘गुंडाळली’ लिहा.

नानाकाका: इतिहासाच्या लेखात ‘गुंडाळली’? सतरंजी आहे का ती?

रेवती: मला तोच शब्द पटतोय, काका. पण बाईंची लाल रेघ येणार.