दोन लाख किलोमीटरच्या घरात गेलेली मारुती ८००: ट्यूनिंग स्वतः करावे की गॅरेजवर सोपवावे?

आठशेवाला (धागाकर्ता)

जुन्या, भरपूर धावलेल्या गाडीची प्राथमिक देखभाल मालकाने स्वतः करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण पैसे वाचवणे हे नाही. माझी ८०० ही २००६ सालची, इंजेक्शनची आहे. या गाडीत पेट्रोल-हवेचे मिश्रण संगणक ठरवतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू फिरवून जे ट्यूनिंग होत असे, ते आता उरलेले नाही. उरते ते एवढेच: इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, तीन स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेवर) साचलेली काजळी, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि कूलंटची पातळी. प्लगचा पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि थोडा संयम असलेल्या माणसाला यातले काहीही अवघड नाही.

गॅरेजमध्ये काढलेले प्लग सरळ भंगाराच्या डब्यात जातात आणि त्यांच्याबरोबर इंजिनची बरीचशी माहितीही जाते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर ठीक चालतो आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. आणि टोक तेलकट ओले असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत उतरते आहे. तिन्ही प्लग क्रमाने मांडून ठेवले आणि त्यांतला एकच वेगळा दिसला, तर दोष सगळ्या गाडीचा नसून त्या एका सिलिंडरचा आहे, हे दहा मिनिटांत समजते. ही तसदी घाईतला फिटर घेत नाही, आणि त्याने ती घ्यावी इतकी मजुरी आपणही देत नाही.

शिवाय, आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. २००६ च्या गाडीच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट त्या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांना चिरा पडल्या आहेत का, हे बॉनेट उघडून वारंवार कोणी पाहायचे असेल, तर ते मालकानेच.

गॅरेजच्या बाजूने

तुमचे प्लगवाचन अगदी बरोबर आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. पुण्यात माझे छोटे गॅरेज आहे, तेव्हा माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो.

हात शिकवायचा असेल तर दोन लाख किलोमीटर झालेली गाडी ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि प्लग पोलादाचा. वर्षानुवर्षे न काढलेला प्लग गरम इंजिनातून जोर लावून काढला, किंवा नवा प्लग हाताने आटे न बसवता सरळ पान्याने आवळला, तर हेडचे आटेच निघून येतात. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हेड उतरवून नवे आटे पाडण्याची वेळ येते. अशा प्लगला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर इतकाच आवळ पुरतो. घरी टॉर्कचा पाना किती जणांकडे असतो? उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक झालेले प्लास्टिकचे कनेक्टर ओढले की त्यांच्या खिट्ट्या तुटतात, आणि पुढे महिनाभर गाडी मधूनच बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब राहतो. तो न सोडता फिल्टरची नळी काढणारा माणूस तोंडावर पेट्रोल घेतो, आणि जवळ ठिणगी असेल तर त्याहून वाईट.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही, म्हणून लोक घरी प्लग बदलतात, मग वायरी बदलतात, मग थ्रॉटल बॉडी धुतात आणि शेवटी गॅरेजमध्ये येतात, तेव्हा एका सिलिंडरचे कॉम्प्रेशनच (आतल्या हवेवर पिस्टनने येणारा दाब) पडलेले निघते. आधी निदान आणि मग सुटे भाग, हा क्रम घरच्या ट्यूनिंगमध्ये उलटा होतो.

पाना क्रमांक दहा

नाना पेठेत सुटे भाग घेताना मी दुकानदारांकडून हीच तक्रार ऐकली आहे, त्यामुळे गॅरेजवाल्यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पण त्यावरून काम गॅरेजकडेच द्यावे, हे कसे सिद्ध होते? कॉम्प्रेशन गेज काही दुर्मीळ वस्तू नाही. इंजिन गरम करून नंतर प्लग काढण्यापुरते निवू द्यावे, तिन्ही प्लग काढावेत, इंजेक्टर व इग्निशनचे कनेक्शन सोडवावे, एकेका प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवावा आणि तिन्ही आकडे वहीत लिहावेत. नेमक्या आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा असतो. एक आकडा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे. यात एकही भाग बदललेला नाही. जुन्या गाडीच्या ट्यूनिंगची सुरुवात माझ्या मते इथूनच व्हावी, आणि धागाकर्त्यांच्या यादीत नेमके हेच नाही.

तळमजला पार्किंग

या वादात एक विषय सगळेच टाळत आहेत. काढलेले ऑइल कुठे जाते? वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. आमच्या सोसायटीत एका सद्गृहस्थांनी ते पावसाळी गटारात ओतले. डब्यात भरून, वापरलेले ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजकडे देण्याची तयारी नसेल, तर ऑइल घरी बदलूच नये.

आठशेवाला

कॉम्प्रेशनचा मुद्दा मान्य. तो यादीत सर्वांत वर हवा. ऑइलबद्दलही दुमत नाही. परंतु आटे जाण्याच्या भीतीला माझे उत्तर असे आहे, की थंड इंजिन, हाताने बसवलेला प्लग आणि शेवटचा थोडासा आवळ ही शिस्त गॅरेजमध्येही पाळली जातेच असे नाही, आणि तिथे आटे गेले तर मालकाला ते कळतही नाही. पीयूसीचेही तसेच. भारत स्टेज दोन व तीनच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना निष्क्रिय वेगावर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. दर सहा महिन्यांनी हे आकडे छापील मिळतात, आणि लोक फक्त "पास" एवढेच वाचतात. हायड्रोकार्बन हळूहळू वाढत असेल तर काही पेट्रोल न जळताच बाहेर जाते आहे, हे त्या चिठ्ठीवर दिसते. पुढचे पाऊल म्हणून टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधले बारीक अंतर, मी स्वतःच ॲडजस्ट करणार आहे. थोडा आवाज येतो.

गॅरेजच्या बाजूने

ऑइल, फिल्टर, प्लग इथवर तुमचे चालू द्या. पीयूसीच्या चिठ्ठ्या जपून ठेवता हे तर उत्तमच. पण टॅपेटला हात लावण्याआधी थांबा. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) रबरी आहे आणि तो कव्हरच्या आत असतो. गाडी तुमच्याकडे आल्यापासून तो बदलल्याची नोंद नसेल तर टॅपेटचे काम त्याच्या नंतर येते. बेल्टचे हे काम घरी करू नका, कारण एका दात्याचा फरक पडला तरी टायमिंग चुकते.

राहिला टॅपेटचा आवाज. आवाज घालवायचा म्हणून लोक अंतर मॅन्युअलपेक्षा कमी करतात, गाडी गप्प होते आणि मालक खूश होतो. अंतर उरले नाही की तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्यातून) हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. किंचित वाजणारा टॅपेट माझ्याकडे वर्षानुवर्षे येत राहतो. गप्प केलेला टॅपेट येतो तेव्हा हेड उतरवावे लागते. तुम्ही करणारच असाल तर मॅन्युअलमध्ये अंतर थंड इंजिनासाठी दिले आहे की गरम, हे आधी पाहा, आणि आवाजावर नव्हे तर फिलर गेजच्या पट्टीवर विश्वास ठेवा.