फोंड्यात ब्लॉगरांचा मेळावा: मदतमोहिमेसाठी ऑनलाइन गट कसा बांधावा?

अंत्रुजकर: मंडळी, गोव्यातले पंचवीस-तीस ब्लॉगर एका रविवारी फोंड्यात जमणार आहोत. रुग्णांसाठी मदत गोळा करणारा ऑनलाइन गट कसा उभारायचा, हा विषय. हाताशी तीन तास आहेत. काय घ्यावे, काय टाळावे?

मांडवीकाठ: भाषणे अर्ध्या तासात आटपा. मग पाच-पाच जण बसवून प्रत्येक टोळीकडून मोहिमेचा पहिला संदेश लिहून घ्या. त्यात इस्पितळाने दिलेला खर्चाचा लेखी अंदाज, कमी पडणारी रक्कम, चौकशीचा एक नंबर आणि शेवटची तारीख हवीच. तारीख नसलेला संदेश रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी वर्षभर फिरत राहतो. कुटुंबाची लेखी संमती घ्या, अहवालाच्या फोटोतला पत्ता आणि आधार क्रमांक झाका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून किती खर्च भागतो, हे त्याआधी विचारा; लोक पहिला प्रश्न तोच करतात.

व्हॉट्सअ‍ॅप गटात १०२४ माणसे मावतात म्हणून सगळ्यांना कोंबू नका. तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, विशेषतः बायका त्यामुळेच गट सोडतात. दात्यांसाठी चॅनल करा. त्यात एका सदस्याला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. गट फक्त राबणाऱ्या दहा-बारा जणांचा. ‘सुप्रभात’वाल्यांना तिथे थारा नको!

आणि संदेश रोमी कोंकणीतही, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीतही हवा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात कितीतरी घरांत देवनागरी वाचलीच जात नाही.

हिशोबी: पैशांवर निदान एक तास ठेवा. कुणाच्याही खासगी यूपीआयवर रक्कम घेऊ नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक आले तर ते खातेदाराचे करपात्र उत्पन्न ठरू शकते, शिवाय गावभर संशय. नोंदणीकृत न्यासाचे खाते वापरा, किंवा रक्कम थेट इस्पितळात रुग्णाच्या नावे भरायला सांगा.

८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत न्यासाला दिलेल्या देणगीवर मिळते, रुग्णाच्या हातात दिलेल्या पैशांवर नाही. रोख २,००० रुपयांवर असेल तर तीही नाही. नव्या करप्रणालीत ही सवलतच नसल्याने तिचे आमिष दाखवू नका. दात्याचा पॅन देणगीबरोबरच मागा, नंतर कोणी देत नाही.

गोव्यात हमखास चुकते ते पुढे. परदेशात नोकरीला असलेला, पण भारतीय पासपोर्टवाला गोंयकार बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून देतो ते चालते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याचे पैसे मात्र परकीय देणगी ठरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या न्यासाने ते घेऊ नयेत. इंग्लंडमधल्या लंडन-स्विंडनच्या गोंयकारांच्या गटांत क्यूआर टाकण्याआधी हे ठळक लिहा.

अंत्रुजकर: देव बरें करूं! जास्त रक्कम जमली तर?

हिशोबी: उरलेले कुठे जाणार हे पहिल्याच संदेशात लिहा, उदाहरणार्थ त्याच इस्पितळातला दुसरा रुग्ण. मागाहून ठरवले की भांडण. दर रविवारी रात्री जमा, खर्च, शिल्लक या तीन ओळी आणि बिलाचा फोटो चॅनलवर टाका. एक रविवार चुकला की कुजबुज सुरू होते. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा.

मांडवीकाठ: साडेनऊला सुरू करून साडेबाराला सोडा, आयताराच्या हुमणाशी (रविवारच्या माशांच्या कढीशी) स्पर्धा नको. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपासची तारीखही नको. हॉलमध्ये मोबाइलला रेंज आहे का ते आदल्या दिवशी जाऊन बघा, नाहीतर चॅनल उघडून दाखवणार कसे?