तिकिटाचा मेल उशिरा येतोय, नक्की कुठं बघू? (सांगली)

कृष्णाकाठ_आयटी:
नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय विश्रामबागेत, शाखा मिरज, तासगाव, पलूस, विटा अशा पसरलेल्या. शाखांच्या तक्रारींसाठी आमच्याच सर्व्हरवर जीएलपीआय बसवलंय, म्हणजे प्रत्येक तक्रारीची नोंद (‘तिकीट’) ठेवणारं सॉफ्टवेअर. शाखेनं तिकीट टाकलं की आम्हाला आणि प्रिंटरचं काम असलं तर बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला मेल जातो. म्हणजे जायला पाहिजे. विट्याचा पासबुक प्रिंटर साडेनवाला अडतो, तिकीट लगेच पडतं, मेल मात्र दहा वाजून गेल्यावर. तोवर शाखाधिकाऱ्यांचा फोन येऊन गेलेला असतो. गंमत म्हणजे दुपारी तोच मेल दोन मिनिटांत हजर. साहेब म्हणतात, मेलचा वरचा प्लॅन घ्या. पैसे घालण्याआधी विचारतोय.

मिरजेचा_मर्दा:
कशाला तिकीट बिकीट. व्हॉट्सॲप ग्रुप काढा, विषय संपला.

कृष्णाकाठ_आयटी:
होता की ग्रुप. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली प्रिंटर गाडला जायचा. आणि तक्रार कधी आली, कधी मिटली हे ऑडिटरला दाखवावं लागतं.

कोरेगावचा_लिनक्सवाला:
दादा, प्लॅनला अजून हात लावू नका. मेल वाटेत अडकतोय की तुमच्या सर्व्हरवरून निघतोच उशिरा, हे आधी ठरवा. उशिरा आलेला एखादा मेल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ करा. वरच मेल कधी तयार झाला आणि किती सेकंदांनी पोचला ते लिहिलेलं असतं. खालच्या ‘रिसीव्हड’ ओळी (मेल कुठल्या सर्व्हरवर कधी पोचला त्याच्या नोंदी) तळापासून वर वाचायच्या, सगळ्यात खालची सगळ्यात जुनी. वेळेपुढं शून्य शून्य दिसलं तर ती ग्रीनिचची वेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर उगाच घाबराल.

कृष्णाकाठ_आयटी:
बघितलं. तिकीट ९:३४ चं, मेल तयार झाला १०:१२ ला, पोचला ३ सेकंदांत.

कोरेगावचा_लिनक्सवाला:
मग मेलवाल्याचा काही दोष नाही, वरचा प्लॅन घेऊन ३ सेकंदांचे २ झाले असते. आता सांगा, तुमच्या ऑफिसात सकाळी जीएलपीआय पहिल्यांदा कोण आणि किती वाजता उघडतं?

कृष्णाकाठ_आयटी:
मीच. दहा, सव्वादहा. शाखावाले तिकीट टाकतात ते मेलनं, जीएलपीआय ते कधी उघडत नाहीत.

कोरेगावचा_लिनक्सवाला:
सापडलं बघा. जीएलपीआय मेल थेट पाठवत नाही, आधी रांगेत टाकतं. रांग उपसायचं काम ‘क्यूड नोटिफिकेशन’ नावाच्या ऑटोमॅटिक ॲक्शनचं, आणि आलेल्या मेलचं तिकीट करायचं काम ‘मेलगेट’चं. सेटअपमध्ये ऑटोमॅटिक ॲक्शन्स उघडून दोन्हींचा रन मोड बघा. तिथं ‘जीएलपीआय’ असेल तर कोणीतरी पान उघडल्याशिवाय ही कामं हलत नाहीत. दुपारी तुम्ही सगळे आत असता म्हणून गाडी पळते. तुमचं ९:३४ म्हणजे शाखेनं मेल पाठवला ती वेळ असणार, तिकीट खरं झालं तेही तुम्ही आल्यावरच.

दोन्ही ‘सीएलआय’वर न्या, म्हणजे पान न उघडता सर्व्हरच ती चालवेल, आणि सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी) जीएलपीआयच्या ‘फ्रंट’ फोल्डरातली क्रॉनची पीएचपी फाइल दर दोन मिनिटांनी लावा. रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) नावानं लावू नका. उबुंटू असेल तर वेब सर्व्हर ज्या युजरवर चालतो त्याच्याच क्रॉनटॅबमध्ये, नाहीतर लॉग फाइलींची मालकी बदलते आणि वेगळंच झेंगट मागं लागतं. मेलगेटला मुळात दहा मिनिटांचं अंतर असतं, तेही कमी करून घ्या. जाता जाता एन्टिटीच्या (जीएलपीआयमध्ये तुमच्या संस्थेची नोंद असते ती) नोटिफिकेशन टॅबमध्ये मेल मुद्दाम थांबवायची वेळ कोणी घालून ठेवलीय का तेही बघा.

कृष्णाकाठ_आयटी:
भावा, झालं! दोन्ही ‘जीएलपीआय’वरच होते. आज साडेनवाचं तासगावचं तिकीट मी रस्त्यात असतानाच मोबाइलवर आलं. फक्त दुरुस्तीवाल्याला अजून अर्धा तास उशीर होतो, तोही कधीकधीच.

हळदपेठ_ॲडमिन:
मध्ये बोलतो. तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये दुरुस्तीवाल्याच्या पत्त्यापुढं ‘डिफर्ड’ (पुढं ढकललं) आणि ४५० किंवा ४५१ आकडा दिसतोय का? असेल तर बहुतेक ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरला त्यांचा सर्व्हर ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवतो. खरा मेल सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅमवाले सहसा येत नाहीत. पोस्टफिक्स आधी पाचेक मिनिटांनी प्रयत्न करतं, मग अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतं. तिकडं ओळख काही दिवसांनी पुसली जाते, म्हणून कधीकधीच होतं.

कृष्णाकाठ_आयटी:
४५१ आहे. मग अंतर कमी करू का आमच्याकडं?

हळदपेठ_ॲडमिन:
नको. घाई केली की काही सर्व्हर जास्तच बिथरतात. दुरुस्तीवाल्याची मेल कोण सांभाळतं ते विचारा आणि तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता त्यांच्या सूटयादीत घालायला लावा. तोवर प्रिंटरच्या तिकिटापुरता त्यांना एक फोन करायचा.

मिरजेचा_मर्दा:
म्हणजे शेवटी फोनच की.