पर्यावरणाचा पेपर पास, पण कळलं किती?

'कॉलेजातल्या सक्तीच्या पर्यावरण विषयात सगळी पोरं पास होतात, मग वेगळं मूल्यमापन कशाला?' असं काही जण विचारतात. मला हे अजिबात पटत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मूळ अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते. म्हणजे प्रत्यक्ष बघून शिकायला जागा होती. पण प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून येतो, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलतं.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तिथल्या पोरांना 'जलसंधारणाचे प्रकार लिहा' विचारून काय कळणार? त्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच प्रश्न द्या : तुमच्या गावात पाऊस किती पडला, त्यातलं किती मुरलं, उसाला किती लागलं आणि सोयाबीनला किती, याचा ताळेबंद मांडा. सुरुवातीला बहुतेक जण 'पाऊस कमी पडतो' एवढंच लिहितील. शेवटी कुणी विहीर, बोअर, पीक यांचा मेळ घातला, तर तो शिकलाय. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की हे लगेच दिसतं.

सगळे पेपर असे तपासणं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना झेपणार नाही, हे मान्य. मग चिठ्ठ्या टाकून थोडे निवडा, दोघांनी वेगवेगळे तपासा. हे गुण निकालात धरू नका, पुढच्या वर्षीचं शिकवणं बदलायला वापरा.