खंजिरी भजनात वाद्ये वाढवली आणि मुख्य आवाजच दबला : मिक्सिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात शेती करतो आणि फावल्या वेळात गावच्या भजन मंडळाचे ध्वनिमुद्रण करतो. मोझरीचे गुरुकुंज जवळच असल्यामुळे इकडे खंजिरी भजन घरोघर ऐकले जाते, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वळणाचे भजन म्हटले की शब्द न् शब्द कळला पाहिजे, एवढी एकच अट जुनी मंडळी घालतात. माझ्या मिक्समध्ये नेमकी तीच अट मोडली आहे.

मूळ मुद्रणात मुख्य गायक, मागे धृपद उचलणारे पाच जण, खंजिरी, ढोलक, पेटी आणि टाळ एवढेच होते. भाव वाढेल या आशेने खोलीत रचून ठेवलेला कापूस गायकांच्या पाठीशी होता, त्यामुळे घुमारा अजिबात आला नाही आणि आवाज कोरा मिळाला. (यंदाच्या भावाचा एवढा तरी उपयोग झाला.) नंतर मंडळातल्या तरुणांच्या आग्रहावरून मी कीबोर्डचा पॅड (मागे सलग धरलेला सूर), बेस (खर्जाचा आवाज), बासरी आणि शेकर असे चार ट्रॅक वाढवले. प्रत्येक ट्रॅक एकटा ऐकला तर उत्तम वाटतो, पण सगळे एकत्र लावले की गायक विहिरीतून गातो आहे असे वाटते. त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर नेला तर मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा दर्शक, लाल होतो. मग बाकीचे खाली आणतो, आणि थोड्या वेळाने तेही पुन्हा वर गेलेले असतात.

दुसरी अडचण पेटीची आहे. ती जुनी असून ट्यूनरवर प्रमाण सुराच्या ४४० हर्ट्झच्या जागी सुमारे ४४५ दाखवते. पॅड सुरू झाला की लांब स्वरांवर थरथर ऐकू येते, आणि ती कोणत्याही इक्वलायझरने (आवाजातले ठरावीक भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) जात नाही. वाद्ये काढावीत की इक्वलायझरने जागा करून द्यावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

दादा, थरथरीचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे. ४४० आणि ४४५ एकत्र वाजले की सेकंदाला पाच ठोके (आवाजाचे चढउतार) पडणारच. तो सुरांचा दोष आहे, इक्वलायझर त्याला काय करणार? पॅड साधारण २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढवा, थरथर बरीच कमी होईल. तरीही पेटीचा सलग भाता सुरू असताना त्याच सप्तकात पॅडचे काम काय, हे मला कळलेले नाही. ठेवायचाच असेल तर पेटी थांबते तेथेच ठेवा आणि ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका.

शेकर मात्र सरळ काढा. खंजिरीच्या चकत्या आणि टाळ यांनी वरच्या, तीक्ष्ण आवाजांची जागा आधीच भरलेली आहे. तेथे तिसरे वाद्य आले की खंजिरीची बोटे ऐकू येत नाहीत, नुसती खसखस उरते.

मग सगळे फेडर खाली घ्या, मिक्स मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) करा, आवाज हळू ठेवा आणि फक्त गायक व खंजिरी यांचा तोल साधा; मास्टरचे शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. त्यानंतर एकेक वाद्य आणा आणि ज्या क्षणी शब्द अस्पष्ट होईल त्या क्षणी नुकत्याच आणलेल्या वाद्याला थांबवा, गायकाला चढवू नका. पेटीला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल कमी केले तर व्यंजने मोकळी होतील. बासरी ओळ संपल्यावरच्या रिकाम्या जागेत वाजू द्या, ओळीखाली नको.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. शेकर काढला, पॅड चढवून फक्त पहिल्या आलापापुरता ठेवला. 'हरी'तला 'ह' आता ऐकू येतो. खंजिरी वाजवणाऱ्या आजोबांनी दोनदा ऐकून 'आता माझा हात दिसते' असे म्हटले. बेसचा प्रश्न तेवढा उरला आहे : हेडफोनवर तो ढोलकाच्या बायाशी (खर्जाच्या बाजूशी) भांडतो, आणि मोबाइलवर व प्रार्थनेच्या भोंग्यावर तर ऐकूच येत नाही. ऐकणारे बहुतेक सगळे मोबाइलवालेच असतील, तर त्याला फक्त समेवर ठेवावे की तोही काढावा?