जुनी ईव्ही घ्यायचीय: अॅप, ई-सिम आणि हॅकिंगचं नेमकं काय तपासायचं?

औसा_रोड (लातूर)

पुण्याहून चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायचं चाललंय. गाडीत ई-सिम आहे. मोबाइल अॅपवरून लॉक-अनलॉक, एसी, लोकेशन, चार्जिंग असं सगळं होतं. आरसी नावावर कशी करायची ते माहीत आहे, पण या ऑनलाइन भानगडीबद्दल इथं लातुरात जो तो वेगळंच सांगायलाय. एक मेकॅनिक म्हणायलाय, टेलिमॅटिक्सचा (गाडीला इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्राचा) फ्यूजच काढून टाका, डोक्याला ताप नको.

जुन्या मालकाच्या फोनमधून गाडी कायमची कशी काढायची? चालत्या गाडीचा ब्रेक कुणी लांबून निकामी करू शकतं का? सार्वजनिक चार्जरच्या गनमधून गाडीत व्हायरस येतो का? आणि बॅटरीची हेल्थ बघायला ओबीडी डोंगल (स्टिअरिंगखालच्या तपासणी पोर्टात लावायचं छोटं यंत्र) घेणार आहे, ते लावूनच ठेवलं तर चालेल का?

पैठण_गेट (छ. संभाजीनगर)

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, बाकीचे त्याच्या निम्मेही नाहीत. जुन्या ईव्हीत खरा धोका हॅकरचा नसतो. गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसाच्या फोनमध्ये तुमची गाडी अजून उघडत असते, तो धोका.

लोक एक गोष्ट हमखास चुकतात. स्क्रीनवर फॅक्टरी रिसेट मारला की झालं, असं समजतात. रिसेटने गाडीतली फोनबुक, ब्लूटूथ जोड्या, सेव्ह केलेला घराचा पत्ता एवढं पुसलं जातं. गाडी कोणाच्या खात्याला जोडलेली आहे ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर, चॅसिस नंबरासमोर असते. ती बऱ्याच गाड्यांत रिसेटने हलत नाही. म्हणून पैसे पूर्ण द्यायच्या आधी, विकणारा समोर असताना, त्याच्याच फोनवर अॅप उघडून गाडी खात्यातून काढायला लावा. बायकोचा, मुलाचा, ड्रायव्हरचा फोन शेअर्ड युजर म्हणून जोडलेला असेल तर तोही. फोनवर डिजिटल की किंवा एनएफसी कार्ड असेल तर ते वेगळं डिलीट होतं. त्यानंतर रिसेट, आणि मग तुमच्या नंबरावरून नवी नोंदणी. नोंदणी करताना "गाडी आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेली आहे" असं आलं, तर काम अर्धवट राहिलंय असं समजा. मग आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जायचं, ते मुख्य कार्यालयाकडून जोडणी तोडून घेतात. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती सोबत ठेवा, आरसी नावावर व्हायला वेळ लागला तर कामाला येतात.

गाडीतलं सिम आपल्या फोनसारखं नसतं. ते यंत्रासाठीचं, 13 अंकी नंबरचं असतं आणि टेलिमॅटिक्स युनिटमध्ये पक्कं बसवलेलं असतं. ते बदलून काही साध्य होत नाही, त्याच्या वापरकर्त्याची नोंद तेवढी तुमच्या नावावर करून घ्या.

चाव्या दोन्ही मागा. एकच मिळाली तर डायग्नोस्टिक टूलवर किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते बघायला सांगा आणि हरवलेली रद्द करून घ्या.

आणि एक, गाडी आधी टॅक्सीत किंवा कर्जावर होती का ते विचारा. 2019 पासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सी-बससारख्या व्यावसायिक प्रवासी वाहनांना एआयएस-140 या सरकारी मानकाचा जीपीएस ट्रॅकर लागतो. फायनान्सवाले आपला वेगळा जीपीएस बसवतात. डॅशबोर्डखाली, ओबीडी पोर्टच्या मागं आणि 12 व्होल्ट बॅटरीच्या प्लसवर बाहेरून जोडलेली वायर शोधा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, लाल-काळी वायर 12 व्होल्टला, एक इग्निशनला, आणि आणखी एक वायर रिलेला गेलेली असेल तर तो डबा गाडी लांबून बंदही करू शकतो. कंपनीच्या अॅपशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणून अॅप साफ करून तो जात नाही.

कॅन_हाय

ब्रेकचं बोलू. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी मोबाइल नेटवर्कवरून ताब्यात घेऊन दाखवली, ती पेट्रोलची गाडी होती. म्हंजे हा रोग ईव्हीचा नाही, सिम असलेल्या कुठल्याही गाडीचा आहे. इन्फोटेनमेंटचं (गाडीच्या स्क्रीनचं) 6667 नंबरचं पोर्ट नेटवर्कवर उघडं होतं. तिथून आत शिरून कॅन बसशी (ब्रेक, मोटर वगैरे जोडणाऱ्या गाडीतल्या जाळ्याशी) बोलणाऱ्या चिपचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) त्यांनी बदललं. कंपनीला अमेरिकेत 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर स्क्रीन आणि ब्रेक-मोटरचं जाळं यांच्या मधे गेटवे (आदेश गाळणारी चौकी) बसवणं आणि कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय फर्मवेअर न स्वीकारणं हे सर्रास झालं. अशक्य झालं असं मी म्हणणार नाही. पण लातूर-बार्शी रोडवरच्या एका गाडीसाठी एवढी मेहनत कोण घेतंय?

स्वस्तातली दारं वेगळी आहेत. 2016 मध्ये निसान लीफचं अॅप नुसत्या चॅसिस नंबरावर चालतं हे उघड झालं. तो नंबर काचेतून वाचता येतो. त्यावर कुणीही दुसऱ्याच्या गाडीचा एसी चालू करू शकत होतं, फेऱ्यांची नोंद बघू शकत होतं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या कियाच्या गाड्यांत डीलरच्या पोर्टलमधली चूक सापडली. नंबर प्लेटवरून गाडी शोधून अनलॉक करता येत होती. कंपनीने ती दुरुस्त केली. त्याच वर्षाच्या शेवटी फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडलेली आढळली, त्यातल्या लाखो गाड्यांचं लोकेशन तर अगदी नेमकं. या तिन्हींत गाडीला कुणी हात लावला नाही. भोक सर्व्हरला होतं. ते तुम्ही बुजवू शकत नाही, पण गाडीच्या मेनूत लोकेशन आणि ड्रायव्हिंग डेटा शेअरिंगचे पर्याय असतात, त्यातले नको ते बंद ठेवता येतात.

तुमच्या हातात असलेलं एक भोक मात्र मोठं आहे, तुमचा फोन. बहुतेक अॅपमध्ये लॉगिन म्हणजे मोबाइल नंबर आणि ओटीपी. ई-चलानच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर ज्या एपीके फाइली फिरायलेत, त्या एसएमएस वाचायची परवानगी घेतात. ओटीपी त्यांच्या हाती गेला की बँकेसोबत गाडीही गेली. अॅपला वेगळा पिन ठेवायची सोय असेल तर ठेवा. चार्जिंगचा हिशोब ठेवणाऱ्या बाहेरच्या अॅपला गाडीच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. 2022 मध्ये एका जर्मन तरुणाला अशाच एका बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून 25 हून जास्त टेस्ला गाड्यांपर्यंत पोचता आलं होतं, टेस्लाचं स्वतःचं काही न फोडता. आणि पासवर्ड बदलला की जुनं लॉगिन आपोआप तुटतंच असं नाही, "सर्व उपकरणांवरून लॉगआउट" वेगळं करावं लागतं.

आता गन. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एसी करंटच्या वॉलबॉक्सवर (भिंतीवरच्या चार्जरवर) साधारणपणे डेटा जातच नाही. गनमधल्या कंट्रोल पायलट नावाच्या निरोपाच्या तारेवर 1 किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल असतो आणि त्याची रुंदी म्हणजे "इतके अँपिअर ओढ" एवढाच निरोप. 16 अँपिअरला सुमारे 27 टक्के, 32 ला 53 टक्के. त्यातून व्हायरस यायला जागा नाही. डीसी फास्ट चार्जरवर मात्र हाच सिग्नल 5 टक्क्यांवर येतो आणि त्याच तारेवर गाडी-चार्जरचं डिजिटल बोलणं सुरू होतं. तिथं सिद्ध झालेला हल्ला म्हणजे 2022 चा ब्रोकनवायर. एक वॉटपेक्षा कमी ताकदीच्या रेडिओ लहरींनी, 47 मीटरपर्यंतच्या अंतरावरून चार्जिंग तोडून दाखवलं होतं. परिणाम एवढाच की चार्जिंग थांबतं, गन काढून परत लावायची.

चार्जरपाशी खरी फसवणूक होते ती चिकटवलेल्या क्यूआरने. पैसे चार्जर कंपनीच्या अॅपमधूनच भरा. यूपीआयवर भरायची वेळ आलीच तर समोर कुणाचं नाव येतंय ते वाचूनच पिन टाका.

मल्टीमीटर_जालना

फ्यूज काढायच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. काढला तरी गाडी चालेल, मोटर, बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा), ब्रेक यांना इंटरनेट लागत नाही. पण अपघातातलं एसओएस, चोरीनंतरचं लोकेशन आणि ओटीए (इंटरनेटवरून येणारं) अपडेट तिन्ही गेले. सुरक्षेची दुरुस्ती ज्या वाटेनं येते तीच वाट बंद करायची हे उलटंच झालं की राव. काही गाड्यांत तोच फ्यूज माइकला किंवा स्क्रीनलाही असतो. वर बॅटरीच्या वॉरंटीत वाद घालायला कंपनीला आयतं निमित्त.

मेकॅनिक लोक फ्यूज काढा म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेगळं असतं: उभ्या गाडीची 12 व्होल्ट बॅटरी उतरते. नेटवर्क कमजोर असलेल्या गावात मोडेम टॉवर शोधत राहतो, दर वेळी अॅप रिफ्रेश केलं की गाडी जागी होते. 12 व्होल्ट मेली की मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली असूनही दार उघडत नाही. मोजून बघा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर 12 व्होल्टच्या मायनस केबलला लावा, गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा, 40 मिनिटं थांबा. बोनेट उघडं असेल तर काही गाड्या झोपत नाहीत, तेव्हा लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा आणि नंतर परत मोकळी करायला विसरू नका. दहा-वीस-तीस मिलिअँपिअर दिसले तर ठीक. 300 मिलिअँपिअरवर अडून राहिलं तर कुणीतरी जागं आहे. 45 अँपिअर-तासाची बॅटरी त्या हिशोबानं सहा दिवसांत रिकामी, आणि जुनी असेल तर तीन दिवसांतच गाडी उठणार नाही. विश्रांतीत 12.6 व्होल्ट चांगलं, 12.0 म्हणजे संपलीच. नारिंगी (हाय व्होल्टेज) केबलला हात लावायचा नाही, हे सांगायची गरज नसावी.

ओटीए अपडेट घेताना हीच 12 व्होल्ट धड हवी. घरी, गाडी पार्क गिअरमध्ये ठेवून, निघायची घाई नसताना घ्या. आणि आलं त्या रात्रीच घ्यायला पाहिजे असं नाही, चार-आठ दिवस थांबा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन या ईव्ही कंपनीने चुकीच्या सर्टिफिकेटचं (डिजिटल सहीचं) अपडेट सोडलं आणि काही गाड्यांचे स्क्रीन बंद पडले होते.

गोदाकाठ (नांदेड)

विषय कारचा आहे, तरी एक घुसवतो, कारण आपल्याकडं कारपेक्षा ई-रिक्षा जास्त. लेड-अॅसिड काढून 51.2 व्होल्टचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक बसवायलेत, त्यातल्या अनेकांत ब्लूटूथ बीएमएस असतो आणि त्याला पासवर्डच नसतो. दहा मीटरवरचा कुणीही फुकटचं अॅप उघडून डिस्चार्ज बंद करू शकतो, रिक्षा भर चौकात जागच्या जागी थांबते. त्याला ना सर्व्हर लागतो ना सिम. अॅपमध्ये पासवर्ड ठेवा. ती सोय नसेल तर बीएमएसच्या यूएआरटी (डेटाच्या) पोर्टमधून ब्लूटूथचं छोटं मॉड्यूल उपसून ठेवा, बहुतेकदा ते वेगळंच असतं. पॅक चालायला त्याची गरज नाही.

औसा_रोड (लातूर)

लई उपयोगी माहिती, आभार सगळ्यांचे. फ्यूज राहू देतो. फक्त डोंगलचं राहिलं. आणि घरी 7.2 किलोवॅटचा वाय-फायवाला वॉलबॉक्स येणार आहे, त्यात काय बघायचं?

कॅन_हाय

डोंगल लावून ठेवू नका. ओबीडीच्या 16 नंबरच्या पिनला कायम 12 व्होल्ट असतं, म्हणून ते गाडी बंद असतानाही जागं राहतं, जालनेकर दादांनी सांगितलेल्या 300 मिलिअँपिअरमधला वाटेकरी अनेकदा तेच. शिवाय 6 आणि 14 या पिनवर थेट कॅन बस. स्वस्त ब्लूटूथ डोंगलचा पिन 1234 किंवा 0000, काहींना तोही नसतो. शेजारच्या गाडीत बसलेला माणूस जोडला जाऊ शकतो. नव्या गाड्यांत गेटवे बरेचसे आदेश अडवतो, चार वर्षं जुनीत तेवढा भरवसा ठेवू नका. गाडी उभी असताना लावा, वाचा, काढा. बॅटरी एलएफपी असेल तर सेलमधला फरक 40 ते 80 टक्क्यांत दिसतच नाही, पूर्ण 100 टक्के भरल्यावर वाचा.

वॉलबॉक्स बसवणाऱ्यानं सेटअपसाठी जो हॉटस्पॉट चालू केला असेल तो नंतर बंद आहे का बघा, त्याचा पासवर्ड डब्यावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. बसवणाऱ्याचा अॅडमिन पिन बदलून घ्या. राउटरवर गेस्ट वाय-फाय काढून वॉलबॉक्स त्यावर टाका, म्हणजे घरच्या लॅपटॉपशी त्याचा संबंध राहत नाही. सुरू करायला आरएफआयडी कार्ड दिलं असेल तर त्यावर फार विसंबू नका, बरेच चार्जर कार्डाचा फक्त नंबर बघतात आणि तो नंबर सहज कॉपी होतो. चार्जर फाटकाबाहेर असेल तर रात्री सरळ एमसीबी पाडा.

मल्टीमीटर_जालना

आणि अर्थिंग. वाय-फायच्या आधी ते मोजा. न्यूट्रल-अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला परत बोलवा, नाहीतर चार्जर सारखा ट्रिप व्हायचा आणि तुम्हाला वाटायचं हॅक झालं.