शब्दचर्चा : मंगा, शोनेन, सेइनेन – लिहायचं कसं आणि म्हणायचं काय?

समासरेघ

जपानी चित्रकथांसाठीचा एकच शब्द मराठी वाचनयाद्यांमध्ये ‘मांगा’, ‘मंगा’, ‘मान्गा’ असा तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो. त्याहून मोठा घोळ ‘शोनेन’, ‘सेइनेन’ अशा मंगांच्या वर्गनामांच्या अर्थाचा. ‘शोनेन म्हणजे मारामारी’ आणि ‘सेइनेन म्हणजे रक्तपात’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. लेखन, लिंग आणि वर्गनामांचा नेमका अर्थ, या तिन्हींवर मतं हवीत. उदाहरण म्हणून मालिकेचं नाव घ्याल तेव्हा ती कशी वाटली हेही एक-दोन वाक्यांत लिहा.

उजवीकडून

लेखनाचं आधी. ‘मंगा’च लिहावं. जपानी उच्चारात पहिला अ ऱ्हस्व आहे आणि अनुस्वार ‘गंगा’, ‘दंगा’ यांतल्यासारखा. ‘मांगा’ हे रोमन लिपीतलं वाचून आलं. मूळ चित्राक्षरं दोन : पहिल्याचा अर्थ स्वैर, सहज सुचेल तसं, दुसऱ्याचा चित्र. जपानी चित्रकार होकुसाईच्या रेखाटनांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१४ साली निघाला, त्याच्या नावात हा शब्द आहे. पण ते सुटी चित्रं असलेलं पुस्तक होतं, आजच्यासारखी सलग कथा नव्हे.

‘ज’बद्दल सावध राहा. ‘शोजो’ (मुलींसाठीची मंगा) लिहिलं की मराठी वाचक ‘जोडी’तला दंत्य ज उच्चारतो. जपानीत तो ‘ज्योती’तल्यासारखा तालव्य आहे, म्हणून ‘शोज्यो’ आणि ‘ज्योसेइ’ (स्त्रियांसाठीची मंगा) लिहावं. ‘त्सु’चं उलट. ‘योत्सुबा’ हे नाव वाचताना जीभ अडखळत असेल तर ‘चूक’मधला च म्हणून पाहा, तोच ध्वनी आहे. लिहिताना मात्र ‘त्सु’च ठेवावं, ‘त्सुनामी’मुळे ते रुळलेलं आहे.

तिसरी चौकट

लिंगाचा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आकारान्त परके शब्द मराठीत बहुधा पुल्लिंगी होतात आणि त्यांचं सामान्यरूपही होतं : कॅमेरा–कॅमेऱ्यात, सोफा–सोफ्यावर. त्या न्यायाने ‘मंग्याचं पान’, ‘मंग्यात’ असं व्हायला हवं. पण ‘मंग्या’ म्हटलं की मंगेशच डोळ्यांपुढे येतो. ‘शाळा–शाळेत’प्रमाणे ‘मंगेत’ केलं तर तो शब्द ओळखूच येत नाही. म्हणून स्त्रीलिंगी धरून सामान्यरूप टाळावं : ‘ही मंगा वाचली’, ‘मंगाचं पान’, ‘मंगामध्ये’. चित्रकथा, मालिका हे जवळचे शब्द स्त्रीलिंगीच आहेत, त्यामुळे कानाला खटकत नाही. अनेकवचन ‘मंगा’च.

काढणाऱ्याला जपानीत ‘मंगाका’ म्हणतात. मराठीत ‘मंगाकार’ चालेल, चित्रकार-कथाकारांच्या रांगेत तो आपोआप बसतो.

शाईनिब

आता वर्गनामं. शोनेन, शोज्यो, सेइनेन, ज्योसेइ हे कथाप्रकार नाहीतच. मालिका ज्या नियतकालिकात प्रकरणाप्रकरणाने छापली जाते, त्या नियतकालिकाचा वाचक कोण, एवढंच हे शब्द सांगतात : मुलगे, मुली, तरुण पुरुष, स्त्रिया. कथेत तलवार आहे की चहाची किटली, याच्याशी वर्गाचा संबंध नाही.

हे तपासायला सर्वांत चांगलं उदाहरण ‘विनलँड सागा’. माकोतो युकिमुरा यांची ही मालिका २००५मध्ये ‘वीकली शोनेन मॅगझीन’ या मुलांच्या साप्ताहिकात सुरू झाली. आठवड्याचा वेग झेपेना म्हणून त्याच वर्षी ती ‘आफ्टरनून’ या तरुणांच्या मासिकात गेली. नायक तोच, सूड तोच, कथेत काहीही न बदलता शोनेनची सेइनेन झाली. माझं मत : सूडाची गोष्ट म्हणून सुरुवात करणाऱ्यांचा शेतीच्या पर्वात धीर सुटतो, पण मालिकेचा गाभा तिथेच आहे. ते पर्व उड्या मारत वाचू नका.

उलट ‘अनवाणी गेन’ पाहा. हिरोशिमाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या केइजी नाकाझावा यांची ही मालिका १९७३मध्ये ‘शोनेन जम्प’मध्ये, म्हणजे मुलांच्या साप्ताहिकात सुरू झाली. हिच्याइतकी अंगावर येणारी पानं तरुणांसाठीच्या किती मालिकांत सापडतील? चित्रं जुन्या वळणाची, चेहरे गोल, आणि तरी पान उलटायला धीर लागतो.

भारतातल्या वाचकाला पटेल असं उदाहरण म्हणजे ‘क्रेयॉन शिन-चान’. आपल्याकडे ते लहान मुलांचं कार्टून. मूळ मंगा १९९०मध्ये ‘वीकली मंगा ॲक्शन’ या मोठ्यांच्या साप्ताहिकात आली, म्हणून ती सेइनेन. आईबाबांचे टोमणे, कर्ज, ऑफिस यांवरचे विनोद कोणासाठी आहेत ते मग कळतं. ‘डोरेमॉन’ मात्र खरोखर मुलांसाठीच. १९६९च्या अखेरीस तो इयत्तावार निघणाऱ्या मासिकांत सुरू झाला.

समासरेघ

मग ‘शोनेन’ला ‘किशोर’ म्हणायला काय हरकत आहे? बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, म्हणजे वाचकाच्या वयावरून नियतकालिक ओळखायची सवय मराठीला आहेच. ‘किशोर-मंगा’ म्हटलं की अर्थ आपोआप नियतकालिकाकडे जातो. आणि सेइनेनला ‘प्रौढ’?

शाईनिब

‘किशोर-मंगा’ मान्य. ‘प्रौढ’ मात्र मुळीच नको, आणि याला पक्कं कारण आहे. जपानीत ‘सेइनेन’ असा उच्चार असलेले दोन वेगळे शब्द आहेत. एकाचं पहिलं चित्राक्षर ‘निळं-हिरवं, कोवळं’ या अर्थाचं. तो शब्द म्हणजे तरुण. दुसऱ्याचं ‘पूर्ण होणं’ या अर्थाचं. तो म्हणजे कायद्याने सज्ञान. हा दुसरा शब्द मुखपृष्ठावर छापलेला असला तर ते १८ वर्षांखालच्यांना विकायचं नाही असं लैंगिक साहित्य असतं. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. यादीत ‘प्रौढांसाठी’ लिहिलं की वाचक भलत्या कपाटापाशी जाईल. ‘तरुण-मंगा’ लिहावं.

जपानी प्रत हातात असेल तर वर्ग ओळखायची एक ढोबळ खूण : मुलामुलींच्या नियतकालिकांत चित्राक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. तरुणांसाठीच्या बऱ्याच नियतकालिकांत तो सगळीकडे नसतो, कठीण शब्दांपुरता येतो. जपानी शिकणाऱ्याने म्हणूनच किशोर-मंगापासून सुरुवात करावी. चित्राक्षर ओळखीचं नसलं तरी उच्चार वाचून शब्दकोशात शोधता येतं.

उजवीकडून

आणखी एक गैरसमज : लेखिका स्त्री असेल तर मालिका शोज्यो. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या हिरोमु अराकावा स्त्री आहेत, मालिका ‘शोनेन गांगान’ मासिकातली. २७ खंडांत एकही धागा लोंबकळत ठेवलेला नाही. लांब मालिकेचा शेवट कसा करावा हे शिकायचं तर हीच वाचावी.

याद्यांमध्ये ‘भाग’ हा शब्दही फार सैल वापरला जातो. माझी सूचना : नियतकालिकाचा ‘अंक’, मंगाचं ‘प्रकरण’, प्रकरणं एकत्र बांधून निघतो तो ‘खंड’, आणि ‘भाग’ फक्त ॲनिमेसाठी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांसाठी राखावा. ‘डेथ नोट’ची प्रकरणं १०८, खंड १२, ॲनिमेचे भाग ३७. नुसतं ‘३७ भाग’ लिहिलं तर पुस्तकं किती घ्यायची हे कळत नाही.

प्रकरणांना खंडांनी भागलं की मूळ नियतकालिकाचा वेगही समजतो. ‘डेथ नोट’मध्ये खंडाला ९ प्रकरणं पडतात, ‘डीमन स्लेयर’मध्येही (२०५ प्रकरणं, २३ खंड) जवळपास तेवढीच. हे साप्ताहिकाचं प्रमाण; प्रकरण साधारण १९-२० पानांचं. ‘अटॅक ऑन टायटन’ची १३९ प्रकरणं ३४ खंडांत, म्हणजे खंडाला चारच. ती मासिकात येत होती आणि प्रकरणं दुपटीहून मोठी होती. साप्ताहिकात दर विसाव्या पानाला वाचकाला अडकवून ठेवावं लागतं, म्हणून सलग वाचताना धक्क्यांचा थोडा शीण येतो. ‘डेथ नोट’ सातव्या खंडापर्यंत अप्रतिम आहे, पुढे पकड सैल होते.

तिसरी चौकट

ध्वनिशब्दांचं कोणी बोललं नाही. इथे मराठीला इंग्रजीची उसनवारी करायची काहीच गरज नाही. आपल्या व्याकरणात अनुकरणवाचक शब्दांचा वेगळा वर्गच आहे. दोकिदोकी – धडधड. गोरोगोरो – गडगड. किराकिरा – चमचम. पोतापोता – टपटप. झाझा पाऊस – धो धो. टक लावून पाहण्याला जपानीत ‘जी’. आपलं ‘टकमक’ तिथे तंतोतंत बसतं.

अडतं ते दोन ठिकाणी. ‘शीन’ हा शांततेचा ध्वनी, रिकाम्या चौकटीवर मोठ्या अक्षरांत येतो. रस्ता ओस असेल तर ‘शुकशुकाट’, माणसं बोलायची थांबली असतील तर ‘चिडीचूप’. एकच प्रतिशब्द ठरवू नये, चौकटीत माणसं आहेत का ते पाहून निवडावा. दुसरा ‘वाकुवाकू’, ‘स्पाय फॅमिली’तल्या छोट्या आन्याच्या तोंडचा. काहीतरी मजेदार घडणार म्हणून आतून उसळणारी उत्सुकता.

समासरेघ

‘चुळबुळ’?

तिसरी चौकट

चुळबुळीत अस्वस्थता आहे, आनंद नाही. चार-पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी ती शोभत नाही. ‘वाकुवाकू’ तसाच ठेवावा. दोन पानांत वाचकाला अर्थ लागतो. मालिका मात्र जरूर वाचा, हेर, मारेकरी आणि मन वाचणारी मुलगी यांचं घर इतक्या मायेने क्वचितच रेखाटलं गेलं असेल.

शाईनिब

नवख्यांसाठी वाचनक्रम. पुस्तक आपल्याला शेवट वाटतं त्या बाजूने उघडायचं. पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून डावीकडे, मग खालची ओळ. चौकटीच्या आत संवादांचे फुगेही उजवीकडून डावीकडे. गडबड इथेच होते : चौकटी बरोबर वाचतात आणि फुगे सवयीने डावीकडून, मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर.

जुन्या काही इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशातल्यासारखी उलटवलेली असतात. ओसामु तेझुकांची ‘बुद्ध’ इंग्रजीत ८ खंडांत मिळते, ती अशीच डावीकडून वाचायची आहे. उलटवल्याने उजवा हात डावा होतो. किमोनोचं, म्हणजे पारंपरिक जपानी पोशाखाचं, तर फारच बिनसतं : जिवंत माणूस नेसताना स्वतःची डावी बाजू वर घेतो, उजवी बाजू वर घेतात ती मृताला नेसवताना. उलटवलेल्या पानावर सगळं गावच प्रेतवस्त्रात दिसतं. तेझुकांची ही मालिका कपिलवस्तू-मगधात घडते, त्यामुळे किमोनोची अडचण येत नाही. काल्पनिक पात्रांची सरमिसळ बरीच आहे, चरित्र म्हणून वाचू नये.

उजवीकडून

यादी करणाऱ्यांना एक विनंती : आइ याझावा यांची ‘नाना’ नोंदवताना नावापुढे ‘(मंगा, शोज्यो)’ लिहा, नाहीतर मराठीत ते कुणा वडीलधाऱ्यांचं चरित्र वाटेल. जपानीत ‘नाना’ म्हणजे सात. दोन्ही नायिकांचं नाव तेच आणि त्यांची खोली ७०७ क्रमांकाची. मैत्रीतला हेवा इतका खरा फार थोड्या ठिकाणी उतरलाय. २१ खंड निघाले, २००९पासून मालिका थांबलेली आहे. तेव्हा नोंदीत ‘पूर्ण’ लिहू नका, ‘खंडित’ लिहा. ताकेहिको इनोउए यांच्या ‘व्हॅगाबाँड’लाही तेच लागू : ३७ खंड, २०१५पासून थांबलेली. कुंचल्याने रंगवलेली तिची पानं मात्र अपूर्णतेसकट घरात असावीत अशी आहेत.